दोन नोकऱ्या, एक घर : पुण्यात राहायचं कुठे आणि ते कितीला पडतं

नाशिक, कोल्हापूर, नागपूर, लातूर, जळगाव. गाव कुठलंही असो, नवीन लग्न झालेलं किंवा बदली होऊन आलेलं जोडपं पुण्यात घर शोधायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : टू बीएचके कितीला मिळेल? मोबाइलवर दोन मिनिटांत उत्तर येतं, तीन-चार फोटो आवडतात, एजंटला फोन जातो आणि रविवारी दुपारी घर बघून टोकन दिलं जातं. रविवारी दुपारी पुण्यातला प्रत्येक रस्ता मोकळा असतो आणि प्रत्येक सोसायटीच्या टाकीत पाणी असतं. सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याच घराची किंमत वेगळी निघते.

शेजारशेजारच्या भागांत भाड्याचा फरक बहुधा तीन-चार हजारांचा असतो. प्रवास, मेंटेनन्स, पाण्याचा टँकर, रिक्षा यांत तेवढाच फरक उलट्या बाजूनं पडू शकतो. म्हणून भागाचं भाडं पाहू नका, त्या भागात दोघांचा मिळून महिना कितीला पडतो ते पाहा. आणि 'दोघांचा' या शब्दावर माझा सगळा भर आहे. अजूनही कितीतरी घरं त्याच्या ऑफिसजवळ घेतली जातात आणि तिची नोकरी 'जाईल बसनं' या दोन शब्दांत निकालात निघते. मग तीच रोज दोन-अडीच तास रस्त्यावर असते, आल्यावर कुकरही तीच लावते, आणि वर्षभरात घरात विषय निघतो तो तिनं नोकरी सोडण्याचा. घर निवडतानाच हिशेब मांडला असता तर ही वेळ आली नसती.

आधी दोघांचे दिवस मोजा

एका कागदावर दोन रकाने करा. प्रत्येकापुढे लिहा : आठवड्यातून किती दिवस ऑफिसला जावंच लागतं, पोचायची वेळ पक्की आहे की तासभर मागेपुढे चालते, परतायला रात्र होते का, आणि कंपनीची बस आहे का. हिंजवडीतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या बसगाड्या शहरभर फिरतात. त्यांच्या थांब्यांची यादी एचआरकडे मिळते, ती घर बघायच्या आधी मागून घ्या. थांबा घरापासून पाच मिनिटांवर असेल तर पंधरा किलोमीटरचा प्रवासही सोसतो, कारण गाडी तुम्हाला चालवायची नसते.

एक उदाहरण घेऊ. ती शिवाजीनगरला एका रुग्णालयात, आठवड्याचे सहा दिवस, वेळ पक्की. तो हिंजवडी फेज दोनमध्ये, आठवड्याचे तीन दिवस ऑफिस, बाकीचे घरून काम. पर्याय दोन : वाकड आणि कोथरूड.

वाकडला नव्या सोसायटीत टू बीएचकेचं भाडं २६,००० आणि मेंटेनन्स ३,००० धरू. त्याचं ऑफिस सात किलोमीटरवर. महिन्याचे तेरा दिवस, जाऊन-येऊन १४ किलोमीटर, म्हणजे १८२ किलोमीटर. दुचाकीचा खर्च पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर सगळं धरून किलोमीटरला चार रुपये लावा. ७२८ रुपये झाले. तिला शिवाजीनगर पंधरा किलोमीटर. सव्वीस दिवसांचे ७८० किलोमीटर, ३,१२० रुपये. एकूण ३२,८४८. आता तास मोजा. तिचे रोजचे दोन म्हटले तर महिन्याला ५२, त्याचे रोजचा एक धरून १३.

कोथरूडला आयडियल कॉलनीच्या आसपास जुन्या इमारतीत टू बीएचके २७,००० आणि मेंटेनन्स १,५०० धरू. ती चालत मेट्रोला, तिथून जिल्हा न्यायालय स्थानक. एका बाजूचे वीस रुपये धरले तर महिन्याचे १,०४०. त्याला चांदणी चौकातून हायवेनं हिंजवडी सुमारे अठरा किलोमीटर. तेरा दिवसांचे ४६८ किलोमीटर, १,८७२ रुपये. एकूण ३१,४१२. तास : तिचे २६, त्याचे रोज सव्वादोन धरून २९.

म्हणजे जाहिरातीत हजार रुपयांनी महाग दिसणारं कोथरूडचं घर प्रत्यक्षात महिन्याला चौदाशे रुपयांनी स्वस्त पडलं, दोघांचे मिळून दहा तास वाचले, आणि ओझं जवळपास सारखं वाटलं गेलं.

त्याच्या कंपनीनं उद्या पाच दिवस बोलावलं तर? महिन्याचे बावीस दिवस धरून कोथरूडचा आकडा ३२,७०८ होतो आणि वाकडचा ३३,३५२. पैशांत सहा-सातशेचा फरक, तासही दोन्हीकडे पंचाहत्तरच्या आसपास. फरक फक्त वाटणीचा उरतो. वाकडला तिचे ५२ आणि त्याचे २२, कोथरूडला तिचे २६ आणि त्याचे ५०. इथे आकडेमोड थांबते आणि दोघांनी बसून बोलावं लागतं. माझं मत विचाराल तर ज्याची वेळ पक्की आहे, ज्याला उशीर चालत नाही आणि ज्याला रात्री परतायचं आहे, घर त्याच्या सोयीनं घ्यावं. रुग्णालय, बँक, शाळा, न्यायालय या नोकऱ्यांना घरून काम नसतं. आयटीतल्या माणसाला सकाळी सातला निघून किंवा अकराला निघून गर्दी टाळता येते. सकाळी आठच्या पाळीच्या नर्सला ती मुभा नाही.

एक चूक मात्र टाळा. नकाशावर दोन ऑफिसांच्या बरोबर मधोमध बोट ठेवून तिथे घर शोधू नका. हिंजवडी आणि खराडी ही शहराची दोन टोकं, मध्ये पंचवीस किलोमीटरहून जास्त अंतर. मधला भाग घेतला तर दोघांच्याही वाट्याला रोजची गर्दी येते आणि भाडंही शहराच्या मध्याचं बसतं. एकाचं हिंजवडी आणि दुसऱ्याचं खराडी अशी जोडी असेल तर चांगला तोडगा नाही, हे आधीच मान्य करा. ज्याला जास्त दिवस जायचंय त्याच्या ऑफिसच्या दारात राहा आणि दुसऱ्यानं बदलीचा किंवा घरून कामाचे दिवस वाढवून घ्यायचा अर्ज पहिल्या आठवड्यातच टाकावा.

भाग आणि भाडी

खालची भाडी ढोबळ आहेत. इमारतीचं वय, फर्निचर, मजला यांनी पाच हजार सहज इकडेतिकडे होतात. साध्या, अर्ध्या फर्निचरच्या टू बीएचकेसाठी वाकड, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख इथे पंचवीस ते पस्तीस हजार. बाणेर-बालेवाडी आणि औंधला त्याहून तीन ते सात हजार जास्त. कोथरूड, कर्वेनगरला जुनं घर पंचवीसच्या आत-बाहेर, नवं असेल तर तिशीच्या पुढे. विमाननगर, कल्याणीनगर ही महाग बाजू. खराडी तिच्या थोडी खाली. वाघोली, धानोरी, आंबेगाव, उंड्री इथे पंधरा ते बावीस हजारांत घर मिळतं. वन बीएचके सगळीकडे साधारण तीस-पस्तीस टक्क्यांनी कमी. दोघंच असाल, घरून काम नसेल, तर पहिल्या वर्षी वन बीएचके घ्या. वाचलेल्या आठ-नऊ हजारांत ऑफिसपासून पाच किलोमीटर जवळ येता येतं.

दोघंही हिंजवडीत असाल तर फार विचार करू नका : वाकड, बालेवाडी, किंवा बजेट ताणता येत असेल तर बाणेर. हिंजवडीच्या आतच, फेज तीनच्या बाजूला राहिलात तर ऑफिस जवळ, पण बाकी शहर लांब. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेर वाढली, त्यामुळे इमारती आधी आल्या आणि रस्ते, ड्रेनेज मागे राहिलं. पावसाळ्यात हे जाणवतं.

दोघंही खराडी, मगरपट्टा, विमाननगर या पूर्व बाजूला असाल तर पश्चिमेकडे बघूच नका, मामांचं घर कोथरूडला असलं तरी. वाघोली स्वस्त आहे, पण नगर रस्त्याची सकाळ-संध्याकाळ स्वतः अनुभवल्याशिवाय तिथे टोकन देऊ नका. वाघोलीहून खराडीला जायला अंतर थोडं आणि वेळ फार, असा तो रस्ता आहे.

वारजे, नऱ्हे, आंबेगाव हा बायपासचा पट्टा हिंजवडीवाल्यांना स्वस्त पडतो म्हणून सुचवला जातो. रोज दुचाकीनं जाणार असाल तर माझा सल्ला आहे, नको. नवले पुलाचा उतार अपघातांसाठी वर्षानुवर्षं ओळखला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकनं एका फटक्यात चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली होती. महिन्याला तीन हजार वाचवण्यासाठी रोज दोनदा अवजड ट्रकांच्या मधून जायचं, हा सौदा मला पटत नाही.

गावाकडच्या जाण्या-येण्याचाही विचार करा, कारण पहिली दोन-तीन वर्षं महिन्यातून एकदा गावी जाणं होतंच आणि आईवडील येतात तेव्हा त्यांना आणायला जावं लागतं. कोल्हापूर, सातारा, कोकणाच्या एसटी स्वारगेटहून. नाशिक, संभाजीनगर, जळगावकडच्या गाड्या शिवाजीनगर आगाराच्या, पण मेट्रोच्या कामामुळे तो स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेला. जुन्या शिवाजीनगरला उतरून शोधाशोध करणारे लोक अजून भेटतात. सातारा-कोल्हापूरच्या खासगी गाड्या बायपासवरून वाकड, वारज्यालाही प्रवासी घेतात. मराठवाडा-विदर्भाकडच्या खासगी गाड्यांना वाघोली, खराडी सोयीची.

मेट्रो : स्थानकापासून दारापर्यंत

पुणे मेट्रोच्या दोन मार्गिका चालू आहेत. वनाज ते रामवाडी ही एक आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट ही दुसरी. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना भेटतात. तिकीट १० ते ३५ रुपये. शहरातला हा सगळ्यात स्वस्त आणि वेळेचा पक्का प्रवास आहे, म्हणून स्थानकापासून चालत दहा मिनिटांच्या आत घर मिळत असेल तर दोन हजार जास्त भाडं द्यायला मी सांगेन.

पण 'चालत' हा शब्द पक्का धरा. रिक्षाचा सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेला मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये आहे. स्थानकापासून घर तीन किलोमीटरवर असेल तर एका खेपेचे पन्नास, दिवसाचे शंभर, सव्वीस दिवसांचे २,६०० रुपये. मेट्रोच्या तिकिटापेक्षा हा खर्च दुपटीहून जास्त. शिवाय रात्री साडेनऊला स्थानकाबाहेर रिक्षा मीटरनं येईल याची खात्री नाही. तिनं रात्री एकटीनं परतायचं असेल तर तोच रस्ता आधी दोघांनी मिळून रात्री चालून बघा. दिवे आहेत का, फुटपाथ सलग आहे का, दुकानं कितीपर्यंत उघडी असतात. मेडिकलचं दुकान आणि एखादं अमृततुल्य दहापर्यंत उघडं असेल तर तो रस्ता नांदता आहे असं समजा.

पीएमपी बसला नाकं मुरडू नका. १ जून २०२५ पासून किमान तिकीट १० रुपये, दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दिवसाचा पास ७० आणि महिन्याचा १,५०० रुपये आहे. वरच्या उदाहरणातली ती वाकडहून बसनं गेली तर तिचा खर्च ३,१२० वरून १,५०० वर येतो, तासांत मात्र रोज अर्ध्या-पाऊण तासाची भर पडते.

आणि 'इथे मेट्रो येणार आहे' या वाक्यावर एक रुपयाही जास्त भाडं देऊ नका. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या वाढीव मार्गिकांना केंद्रीय मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. मंजुरीपासून गाडी धावेपर्यंत वर्षं जातात, तुमचा करार अकरा महिन्यांचा असतो. उलट काम चालू असलेल्या रस्त्यावर घर घेतलंत तर ते अकरा महिने पत्र्यांच्या मधून गाडी काढण्यात जातील. घर विकत घेणाऱ्यासाठी येणारी मेट्रो हा फायदा आहे. भाडेकरूसाठी चालू असलेली मेट्रो तेवढीच खरी.

पाणी

एजंट सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही, असा पुण्यातल्या घराचा सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू केलं आणि नंतर वर्षानुवर्षं तेच चालू राहिलं. वाकड, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख, रहाटणी हे सगळे भाग त्याच महापालिकेत येतात. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि ३० जून २०२१ रोजी तेवीस गावं घेतली गेली. बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड, मांजरी बुद्रुक, वाघोली ही त्यांतलीच. कागदावर ती शहरात आली, पण शहराचं नळाचं पाणी तिथे सगळ्या सोसायट्यांपर्यंत पोचलेलं नाही. तिथे जगणं बोअर, विहीर आणि टँकरवर आहे.

टँकरचा खर्च भाडेकरूच्या अंगावर कसा येतो ते पाहा. शंभर फ्लॅटची सोसायटी, दिवसाला दोन टँकर, टँकरला बाराशे रुपये धरले तर महिन्याचे बहात्तर हजार, फ्लॅटमागे ७२० रुपये. एप्रिल-मेमध्ये टँकर पाच लागतात आणि दर पंधराशे होतो. आता महिन्याचे सव्वादोन लाख, फ्लॅटमागे २,२५०. हा फरक सोसायटी मेंटेनन्समध्ये टाकते. मेंटेनन्स भाड्यात धरलेला असेल तर तो मालक भरेल, वेगळा असेल तर तुम्ही. 'भाडे मेंटेनन्ससह, पाण्याच्या जादा आकारणीसह' एवढं वाक्य करारात घालून घ्या. घर दाखवायला आलेल्या माणसाला विचारू नका. गेटवरच्या वॉचमनला, समोरच्या वाण्याला, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा : मे महिन्यात दिवसाला टँकर किती येतात? या तिघांना त्यात लपवण्यासारखं काही नसतं. सोसायटीचा नोटीस बोर्डही उभ्याउभ्या वाचून काढा, पाणीकपातीच्या सूचना तिथेच लावलेल्या असतात.

पाणी किती येतं यासोबत कुठून येतं हेही विचारायचं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येनं सापडले तेव्हा चर्चेत आला तो विहिरीच्या पाण्याचा आणि त्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न. घरात फिल्टर नसेल तर तो खर्च पहिल्या महिन्याच्या यादीत धरा.

आता जास्त झालेल्या पाण्याबद्दल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर भागात माणसं दगावली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्यात गेले. नदीकाठचं किंवा ओढ्याकाठचं घर दोन हजारांनी स्वस्त मिळत असेल तर कारण बहुधा हेच असतं. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का ते पाहा आणि तळमजला टाळा. दुचाकी एकदा बुडाली तर वाचवलेलं वर्षाचं भाडं दुरुस्तीत जातं.

पहिल्या महिन्यात हातात किती हवेत

२७,००० भाड्याचं घर धरू. पहिल्या महिन्याचं भाडं २७,०००. अनामत दोन ते तीन महिन्यांची, म्हणजे ८१,००० पर्यंत. एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं, २७,०००. इथेच एक लाख पस्तीस हजार झाले. मोठ्या सोसायट्या सामान आत आणायचे दोन ते पाच हजार वेगळे घेतात. ते कोण देणार हे आधी बोला. पडदे, गॅसची शेगडी-जोडणी, इंटरनेट, बाथरूममधले गीझर नसतील तर तेही. सामानाची वाहतूक सोडून दीड लाख हातात ठेवा. दलालीत घासाघीस होते. एजंटनं तुम्हाला एकच घर दाखवलं असेल तर पंधरा दिवसांच्या भाड्यावर तो तयार होऊ शकतो, विचारायला संकोच करू नका. अकरा महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा दलाली मागितली जाते. ती द्यायची नाही हे पहिल्या दिवशीच लिहून घ्या.

'अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी केली की झालं' असं मालक सांगतील. ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती न केल्यास शिक्षा त्याला आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत देते, ती भाड्यानं दिल्यावर जाते. नोंदणी टाळण्यामागे कधीकधी हे कारण असतं. तो त्यांचा प्रश्न आहे, त्यापायी तुमची अनामत धोक्यात घालू नका.

नोंदणीचा खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरच्या दहा टक्के वार्षिक व्याजाच्या बेरजेवर पाव टक्का. आपल्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं २,९७,००० आणि अनामतीवरचं व्याज सुमारे ७,४००. त्याचा पाव टक्का म्हणजे साधारण ७६० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर करार करून देणाऱ्याची सेवा फी. तो अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. हा सगळा खर्च मालक आणि भाडेकरू निम्मा-निम्मा वाटून घेतात, तसंच करा.

सोसायटीचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क, भाडेकरूच्या माथी मारलं जातं. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, असा राज्य शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, आणि ते सभासदानं म्हणजे मालकानं भरायचं असतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची जबाबदारीही मालकाचीच. ती पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते. काही सोसायट्या लग्नाचा दाखला मागतात. प्रत मोबाइलमध्ये ठेवा, वाद घालण्यात एक रविवार वाया जात नाही. लग्न झालेलं नसेल तर तेही एजंटला पहिल्याच फोनवर सांगा. अशा जोडप्यानं भाड्यानं घर घेण्याला कायद्याची आडकाठी नाही. अडवणूक होते ती सोसायटीच्या पातळीवर, आणि टोकन गेल्यावर नकार येण्यापेक्षा आधी आलेला बरा.

लॉक-इनची, म्हणजे घर सोडता न येण्याच्या मुदतीची अट नीट वाचा. सहा महिन्यांची असते. नव्या शहरात आलेल्यांनी ती तीनवर आणायचा आग्रह धरावा. भाग चुकला हे पहिल्या दोन महिन्यांत कळतं. रंगकामाचे पैसे अनामतीतून किती कापणार हा आकडा करारात हवा, 'नियमाप्रमाणे' हा शब्द नको. ताबा घेताना प्रत्येक खोलीचा, नळाचा, टाइलचा फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या संकेतस्थळावर थकबाकी पाहा.

जमलं तर पहिला महिना घर घेऊच नका. दोघांच्या ऑफिसपासून बऱ्या अंतरावर महिनाभराची खोली घ्या. पंधरा-वीस हजार जास्त जातील, पण त्या महिन्यात दोन-तीन भाग सोमवारी सकाळी, शुक्रवारी संध्याकाळी आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर बघता येतात. गुरुवारीही एक चक्कर मारा. दुरुस्तीसाठी पाणी पुण्यात बहुतेकदा गुरुवारी बंद असतं, आणि सोसायटीची टाकी दिवसभर पुरते का ते त्याच दिवशी दिसतं.

शेवटचं, करारावर दोघांची नावं घाला. एजंट घाईत एकाचंच टाकतो, आणि ते बहुतेक नवऱ्याचं असतं. बँक खातं, पासपोर्ट, गॅस, आधारवरचा पत्ता बदलणं, या प्रत्येक ठिकाणी तिलाही राहण्याचा पुरावा लागतो, आणि तिचं नाव करारात असेल तर तो तिच्या हातात असतो. जुन्या करप्रणालीत असाल आणि भाडं दोघं मिळून भरत असाल, तर आपापल्या खात्यातून आपापला वाटा मालकाला पाठवा. घरभाडे भत्त्याची सवलत दोघांनाही आपापल्या वाट्यापुरती मागता येते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन लागतो. तो टोकन देण्याच्या आधी मागून घ्या.